आइस मेकरमध्ये बर्फ का होईना : टिळकवाडी, बेळगाव येथील दुरुस्तीच्या नोंदी

शनिवार, १२ एप्रिल २०२५

मुलगा परदेशी गेला तेव्हा पुण्याच्या त्याच्या सदनिकेतील दोन दारांचा मोठा फ्रीज फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्याकडे टिळकवाडीला आला. डावीकडच्या फ्रीजरमध्ये वरच्या बाजूला पाण्याच्या नळीला जोडलेला आइस मेकर आहे. पुण्यात तो चार वर्षे विनातक्रार चालला. इथे मात्र त्याने पहिल्या दिवसापासून रडतखडत काम केले आणि आता पूर्ण बंद पडला आहे. कोकमाच्या सरबताचे दिवस सुरू झाले असल्यामुळे घरातून विचारणा वाढली, म्हणून आजपासून या वहीत नोंदी ठेवते. एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवताना प्रयोगवहीत आधी निरीक्षण आणि मग अनुमान लिहायला मुलांना सांगत आले. तोच नियम स्वतःला लावून पाहायचा आहे.

आतापर्यंतची हकीकत अशी. फ्रीज लावल्यावर पहिले आठ-दहा दिवस बर्फ पडत होता, पण खडे पुण्यातल्यासारखे भरीव नव्हते. जेमतेम निम्म्या उंचीचे, वरून खोलगट. मग दिवसाला एखादाच ट्रे होऊ लागला, आणि गुढीपाडव्यानंतर एकही खडा झालेला नाही. फ्रीजमधले बाकी सर्व व्यवस्थित आहे. दूध गार राहते, मटार गोठलेले आहेत.

हे यंत्र काम कसे करते, ते समजून घेतले. फ्रीजच्या पाठीमागे तळाशी विजेवर उघडणारा एक व्हॉल्व असतो. तो ठरावीक सेकंद उघडला की पाणी नळीतून वर जाऊन फ्रीजरमधल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पडते. ट्रेखाली तापमान ओळखणारा संवेदक असतो. पाणी पुरेसे गोठले असे त्याने कळवले की छोटी मोटर ट्रे उलटा करून पिळते, खडे खालच्या पेटीत पडतात, ट्रे सरळ होतो आणि व्हॉल्व पुन्हा उघडतो. काही कंपन्यांच्या यंत्रांत ट्रे पिळण्याऐवजी धातूचा साचा किंचित तापवून खडे सोडवतात, पण क्रम तोच. पेटी भरली आहे की नाही हे पाहण्यासाठी एक दांडी असते आणि ती वर अडकली तर यंत्र पेटी भरली असे समजून थांबते. म्हणजे बिघाड थंडावा, मोटर, दांडी, वीज आणि पाणी या पाचांपैकी कुठेतरी असणार. दांडी आजच हलवून पाहिली. ती मोकळी आहे. दारावरचे बर्फाचे बटणही चालू स्थितीत आहे.

रविवार, १३ एप्रिल

सकाळी फ्रीजरमध्ये दोन पिशव्यांच्या मधोमध तापमापक ठेवून दार चार तास उघडू दिले नाही. तापमान उणे चौदा अंश निघाले. फ्रीजर उणे अठराच्या आसपास असायला हवा. तो इतका गार नसेल तर ट्रेमधले पाणी गोठायला फार वेळ लागतो आणि संवेदक मोटरला इशाराच देत नाही.

कारण शोधावे लागले नाही. ओले खोबरे, मटार, चिंचेचा कोळ आणि जाऊबाईंनी खानापूरहून पाठवलेला फणसाच्या गऱ्यांचा डबा यांनी मागची गार हवेची जाळी पूर्ण झाकली होती. सामान पुढे ओढले, तळाच्या जाळीवरची धूळ ब्रशने काढली आणि भिंतीपासून फ्रीज चार बोटे पुढे घेतला.

सोमवार, १४ एप्रिल

तापमान उणे अठरा. बर्फ नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

आइस मेकरच्या खाली चाचणीचे छोटे बटण आहे. ते तीन-चार सेकंद दाबून धरले की यंत्र संवेदकाची वाट न पाहता एक पूर्ण फेरी करते. पेटी काढून खाली स्टीलची परात ठेवली आणि बटण दाबले. ट्रे व्यवस्थित उलटला, पिळला, सरळ झाला. त्यानंतर फ्रीजच्या मागून सहा-सात सेकंद गुणगुणण्याचा आवाज आला, म्हणजे व्हॉल्वला वीज पोहोचली. पण ट्रेमध्ये पाण्याचा थेंबही पडला नाही.

हे निरीक्षण मोलाचे आहे. मोटर चांगली, नियंत्रण करणारे सर्किट चांगले, व्हॉल्वला आज्ञा मिळते आहे. पाणी तेवढे पोहोचत नाही. थंडाव्याचा दोष काल दूर झाला होताच, त्यामुळे पाचांतला एकच उरला.

बुधवार, १६ एप्रिल

फ्रीजचे मिस्त्री येऊन गेले. त्यांनी आवाज ऐकला, मागची नळी बोटांनी चाचपली, ‘नीर बरतैत्री’ म्हणजे पाणी तर येते आहे असा निर्वाळा दिला आणि संपूर्ण आइस मेकर बदलावा लागेल, साडेआठ हजार रुपये होतील, असे सांगितले. कालच्या चाचणीत ज्या भागाने चोख काम केले तोच बदलायचा, हे मला पटले नाही. मी चहा दिला आणि कळवते म्हणाले.

गुरुवार, १७ एप्रिल

आज पाणी कुठे अडते ते सापडले. ट्रेच्या वर फ्रीजरच्या मागच्या भिंतीतून बोटाएवढी पांढरी नळी बाहेर येते आणि तिच्या तोंडातून पाणी ट्रेमध्ये पडते. टॉर्च लावून आरशाने पाहिले, तर तोंड बर्फाच्या बुचाने गच्च बंद होते. व्हॉल्व उघडत होता, पाणी बुचापर्यंत येऊन थांबत होते.

बूच काढायला चाकू किंवा स्क्रूड्रायव्हर लावू नये. नळी चिरली तर पाणी भिंतीतल्या थर्माकोलसारख्या आवरणात शिरेल. फ्रीजचे बटण बंद करून, औषधाच्या पिचकारीने कोमट पाणी थोडेथोडे नळीच्या तोंडाशी सोडत राहिले आणि खाली फडके धरले. पंचवीस मिनिटांत करंगळीएवढी बर्फाची कांडी अख्खी बाहेर आली. तिला आडवे कापून पाहिले तेव्हा आत झाडाच्या खोडासारखी वर्तुळे होती, म्हणजे ती एकदम गोठलेली नव्हती, थरावर थर चढून झालेली होती. या वर्तुळांकडे मी आज कौतुकाने पाहिले, पण त्यांचा अर्थ लावला नाही.

पुन्हा चाचणीचे बटण दाबले आणि पाणी पडले. रात्री साडेनऊला पहिले खडे पेटीत पडल्याचा आवाज ऐकून स्वयंपाकघरात सगळे जमा झाले.

सोमवार, २१ एप्रिल

आनंद चार दिवस टिकला. पहिल्या दोन दिवसांत मिळून सात-आठ ट्रे झाले, सगळे मार्चसारखेच अर्धवट भरलेले, शनिवारी एक, काल शून्य. आज टॉर्च लावला, बूच पुन्हा तयार. म्हणजे मी लक्षण दूर केले होते, कारण तसेच होते.

नळी का गोठते, याचा आज बसून विचार केला. व्हॉल्व उघडल्यावर पाणी जोराने वाहून गेले तर उणे अठरा अंशांतही नळीत गोठण्याइतका वेळ त्याला मिळत नाही. पण व्हॉल्व नीट बंद झाला नाही आणि थेंब थेंब पाणी येत राहिले, तर प्रत्येक थेंब नळीच्या तोंडाशी येऊन तिथेच गोठणार, त्यावर पुढचा थेंब, त्यावर पुढचा. गुरुवारच्या कांडीतली वर्तुळे हीच. म्हणून आता प्रश्न असा की व्हॉल्व बंद असताना गळतो का.

बुधवार, २३ एप्रिल

काल रात्री आइस मेकर दारावरच्या बटणाने बंद ठेवला, म्हणजे व्हॉल्व उघडण्याची आज्ञा जाणारच नाही. मग फ्रीजचा प्लग काढून मागची पातळ पत्र्याची झाकणी उघडली, व्हॉल्वमधून वर जाणारी नळी सोडवली, त्या जागी हातभर लांबीची दुसरी नळी खोचून तिचे टोक वाटीत सोडले आणि झाकणी लावून फ्रीज सुरू केला. (प्लग काढल्याशिवाय मागच्या भागाला हात लावू नये, तिथे दोनशे तीस व्होल्टच्या तारा आहेत.)

रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तासांत वाटीत पस्तीस मिलीलीटर पाणी जमले. एका मिलीलीटरला वीस थेंब धरले तर मिनिटाला दीड थेंब होतो. दिसायला नगण्य, पण बूच बनवायला एवढे पुष्कळ.

गुरुवार, २४ एप्रिल

भाचा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला आहे. तो संध्याकाळी मल्टिमीटर घेऊन आला. व्हॉल्वच्या वेटोळ्याचा रोध सुमारे ३.९ किलो-ओहम भरला, म्हणजे वेटोळे तुटलेले नाही. घरातला विद्युतदाब २१८ व्होल्ट होता. उन्हाळ्यात संध्याकाळी तो उतरतो, पण फ्रीज स्टॅबिलायझरवर असल्याने ही शंका इथेच सोडली.

व्हॉल्वच्या तोंडाशी तांब्याच्या नाण्याएवढी बारीक जाळी असते. ती चिमट्याने काढली तर तिच्यावर बारीक रेती, गंजाचा चुरा आणि पांढरा क्षार होता. शहराला राकसकोप आणि हिडकलहून येणारे पाणी तसे सौम्य आहे, पण एप्रिल-मेमध्ये नळाचे पाणी कमी पडले की आम्ही गच्चीवरच्या टाकीत बोअरचे पाणी मिसळतो आणि ते जड आहे. गीझरच्या कांडीवर दरवर्षी कवच चढते तेही त्याचेच. जाळी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून, जुन्या दातब्रशने घासून बसवली. जाळीतून निसटलेला एखादा कण व्हॉल्वच्या बैठकीवर बसला असेल तर तो निघून जावा, म्हणून पाणी दोन-तीनदा सोडून पाहिले.

याच बैठकीत फ्रीजमधला पाण्याचा फिल्टरही तपासला. फिल्टर लावलेला असताना अर्धा लीटर पाणी भरायला पंच्याण्णव सेकंद लागले; तो काढून त्याच्या जागी बायपासचे टोपण लावले तेव्हा अठ्ठेचाळीस. फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलायचा असतो आणि आमचा चौदा महिन्यांचा आहे, हे मुलाला फोन केल्यावर कळले. फिल्टर बदलायला हवाच, पण फिल्टर नसतानाही अठ्ठेचाळीस सेकंद लागतात, हा आकडा मला खटकत राहिला. रात्री पुन्हा वाटी ठेवली.

शुक्रवार, २५ एप्रिल

वाटीत बावीस मिलीलीटर. पस्तीसवरून बावीस, कचरा हे कारणाचा एक भाग होते, पूर्ण कारण नव्हे.

शनिवार, २६ एप्रिल

आज प्लंबरला बोलावले. तो आमच्या शाळेचाच विद्यार्थी, दहावीला माझ्या वर्गात होता. त्याने पाईपलाईन पाहिली आणि म्हणाला, ‘बाई, पाणी येऊलालंय की, पण जोर नाही.’ मग थोडे थांबून त्याने विचारले, ‘पुण्यात टाकी किती वर होती?’

माझा चेहरा पाहण्यासारखा झाला असावा. द्रवाचा दाब म्हणजे उंची गुणिले घनता गुणिले गुरुत्वत्वरण, हे सूत्र मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहिले. दोन आठवडे फ्रीजच्या मागे गुडघ्यांवर बसूनही ते मला आठवले नाही, आणि आठवण करून दिली ती ज्याला मी त्या धड्यात दोनदा उभे केले होते त्याने.

हिशेब केला. पाण्याच्या एका मीटर उंचीमागे दाब सुमारे ०.०९८ बार, म्हणजे जवळजवळ १.४२ पीएसआय (दाबाचे दुसरे एकक). आमचे घर एक मजली. गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी आणि फ्रीजच्या तळाचा व्हॉल्व यांत सात मीटरचे अंतर आहे. म्हणजे दाब ०.६९ बार, दहा पीएसआयच्या आत. पुण्यात सदनिका अकरा मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. टाकी तिच्यावर निदान सत्तावीस मीटर, म्हणजे दाब २.६ बारच्या वर. फ्रीजच्या माहितीपुस्तिकेत पाण्याचा दाब २० ते १२० पीएसआय असावा असे लिहिले आहे. वीस पीएसआय हवे तर टाकी चौदा मीटर उंच हवी, म्हणजे साधारण पाच मजली इमारतीच्या गच्चीवर.

भाच्याने दाबमापक आणला होता. पाव इंची नळीला जोडून वाचन घेतले. पाणी स्थिर असताना ०.६५ बार, आणि नळी उघडून पाणी वाहू दिले की काटा ०.३ पर्यंत उतरतो. जुन्या लोखंडी पाईपमधून आणि चार एल्बोंमधून (वळणाच्या जोडांमधून) येताना पाण्याचा उरलासुरला जोरही घर्षणात जातो, हेही यात दिसले.

आता दोन्ही लक्षणांचा उलगडा होतो. पहिले म्हणजे खोलगट खडे. व्हॉल्व पाणी मोजत नाही, वेळ मोजतो. तो सहा-सात सेकंद उघडतो आणि तेवढ्या वेळात जे येईल ते ट्रेमध्ये पडते. त्याच्या आत प्रवाह ठरवणारी रबरी चकती असते, त्यामुळे २० पासून १२० पीएसआयपर्यंत दाब कितीही असला तरी पाणी जवळजवळ सारखेच मिळते. पण वीस पीएसआयच्या खाली ही चकती काही करू शकत नाही आणि ट्रे अर्धाच भरतो.

दुसरे लक्षण गळण्याचे, आणि ते अधिक मजेशीर आहे. माझी समजूत अशी होती की दाब कमी तर गळतीही कमी. प्रत्यक्षात या व्हॉल्वमध्ये एक रबरी पडदा असतो आणि वीज गेल्यावर त्या पडद्याला बैठकीवर दाबून धरण्याचे काम मुख्यतः वरून येणारे पाणीच करते. स्प्रिंग फक्त मधले बारीक छिद्र बंद करते. मग पडद्याच्या वरच्या कप्प्यात पाणी भरते आणि त्याच्या दाबाने पडदा खाली बसतो. पाण्यालाच जोर नसेल तर पडदा सैल बसतो आणि कडेने थेंब झिरपत राहतात. दाब वाढला की झिरपणे थांबावे.

पण हे अजून अनुमान आहे.

रविवार, २७ एप्रिल

पंप विकत घेण्याआधी अनुमान तपासण्याचा स्वस्त मार्ग भाच्याने सुचवला. बागेतल्या झाडांवर पाणी फवारायचा पाच लीटरचा हातपंप आमच्याकडे आहे. त्यात औषध कधीच घातलेले नाही, फक्त पाणीच. त्याच्या तोंडाची फवारणीची कांडी काढून पांढरी नळी जोडली, मध्ये दाबमापक लावला आणि दट्ट्या मारून हवा भरली. काटा २.२ बारवर गेला. ही नळी गच्चीच्या टाकीऐवजी व्हॉल्वला लावली.

आधी टाकीच्या पाण्यावर चाचणीचे बटण दाबून ट्रेमध्ये पडलेले पाणी मोजले होते. ते पंचेचाळीस मिलीलीटर होते. हातपंपावर, तेवढ्याच सेकंदांत, पंच्याण्णव मिलीलीटर आले आणि ट्रे काठोकाठ पण न सांडता भरला. मग आइस मेकर बंद करून वाटी ठेवली आणि दोन तास थांबलो. दर वीस मिनिटांनी दट्ट्या मारून दाब दोन बारच्या वर राखण्याचे काम यांनी वर्तमानपत्र वाचता वाचता केले. सुरुवातीला तीन थेंब पडले, त्यानंतर वाटी कोरडी राहिली.

तोच व्हॉल्व, तेच पाणी, तीच नळी. बदलला तो फक्त दाब.

मंगळवार, २९ एप्रिल

आज बेळगावात शिवजयंती. प्लंबर मंडळाच्या कामात आहे, त्यामुळे दिवस कागदावर काढला. पर्याय मांडून पाहिले.

टाकी चौदा मीटरवर नेणे हा विनोद झाला. नळाची मुख्य लाईन थेट फ्रीजला जोडावी, असे शेजाऱ्यांनी सुचवले. शहराच्या ज्या भागांत २००८ मध्ये चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली तिथे ते कदाचित जमेल, आमच्या गल्लीत मात्र पाणी तीन-चार दिवसांनी येते आणि मधल्या काळात नळी रिकामी असते. संपूर्ण घराला प्रेशर पंप लावला तर अंघोळीच्या फवाऱ्यालाही जोर येईल, हे आमच्या घरातल्या तरुण मंडळींचे आवडते मत. पण भिंतीतले लोखंडी पाईप सासऱ्यांच्या काळातले आहेत आणि दोन बारचा दाब त्यांतल्या कोणत्या सांध्यातून बाहेर येईल ते सांगता येत नाही. उरला चौथा पर्याय, फक्त फ्रीजपुरता छोटा पंप.

या पंपाबद्दल बाजारात चौकशी करताना गंमत झाली. दुकानदाराने जो बारा व्होल्टचा पडदा-पंप दाखवला, तो शेतकऱ्यांच्या पाठीवरच्या बॅटरी फवारणी यंत्रात असतो तोच. निपाणीकडे तंबाखूवर आणि इकडे भाजीपाल्यावर याच पंपाने औषध मारतात. दाब ठरावीक पातळीला गेला की तो आपोआप बंद होतो आणि कमी झाला की सुरू होतो, आपल्याला हवे तसेच. जुना, वापरलेला पंप निम्म्या किमतीत मिळत होता. कीटकनाशकाच्या शंकेने तो मी हातातही घेतला नाही. पिण्याच्या पाण्यासाठी चालणारा नवा घेतला.

दुसरा निर्णय पाण्याच्या स्रोताचा. फ्रीजच्या फिल्टरमध्ये मुख्यतः कोळशाची भुकटी असते. ती क्लोरीनचा वास आणि गाळ काढते, जंतू मारत नाही आणि पाणी गोठल्यानेही सगळे जंतू मरत नाहीत. टाकीत बोअरचे पाणी मिसळलेले असताना त्याचा बर्फ सरबतात घालणे आधीपासूनच चूक होते आणि मार्चमध्ये आम्ही ते केले आहे. आता नळी आरओ यंत्राच्या साठवण टाकीतून घ्यायची. त्या टाकीला स्वतःचा दाब जवळजवळ नसतोच, म्हणून पंपाशिवाय हा पर्याय कधीच चालला नसता. पंप घेतलाच आहे तर एका दगडात दोन पक्षी. फ्रीजला दिवसाकाठी लीटर-दीड लीटरच पाणी लागेल, तेवढे आरओ सहज देईल.

शनिवार, ३ मे

जोडणी झाली. क्रम असा आहे: आरओची साठवण टाकी, बॉल व्हॉल्व, पंप, एकाच दिशेने पाणी जाऊ देणारा एनआरव्ही, मग टी लावून त्याच्या एका फाट्यावर आरओसोबत मिळते तसली छोटी दाबाची टाकी, दुसऱ्या फाट्यावर कायमचा दाबमापक, आणि पुढे फ्रीज. दाबाची टाकी नसती तरी पंप चालला असता, पण मग ट्रे भरताना तो सेकंदागणिक सुरू-बंद होत कुरकुरला असता. टाकीच्या रबरी फुग्यात थोडे दाबाखालचे पाणी साठून राहते आणि पंपाला तीन-चार ट्रेंमधून एकदाच जागे व्हावे लागते. टाकीतली हवा सायकलच्या पंपाने १.८ बार भरली, कारण आमचा पंप दोन बारला सुरू होतो आणि फुग्यातली हवा त्याहून जराशी कमी असावी लागते. पंपावरचा स्क्रू फिरवून तो तीन बारला बंद होईल असे केले.

नवा फिल्टर बसवला आणि त्यातून चार लीटर पाणी वाहून जाऊ दिले. सुरुवातीचे पाणी कोळशाने काळपट येते. नळीतले बर्फाचे बूच पुन्हा कोमट पाण्याने काढले. सगळ्याला मिळून दोन हजार तीनशे रुपये लागले, फिल्टर वेगळा. प्लंबरने मजुरी घेतली नाही; आईला एक वाटी कुंदा मात्र घेऊन गेला.

रविवार, ४ मे

सकाळी ओट्याखाली पाणी. रात्रीतून पंप सतरा वेळा सुरू झाला असेल. गळती एनआरव्हीच्या पुढच्या जोडावर होती. पांढरी नळी कात्रीने तिरपी कापली गेली होती आणि खोचून बसणाऱ्या जोडातली रबरी कडी तिरप्या टोकाला पूर्ण मिठी मारत नाही. ब्लेडने काटकोनात कापून, टोक बोटभर आत जाईपर्यंत दाबून बसवली. अशा जोडाला टेफ्लॉन टेप लावायची नसते. ती फक्त आट्यांच्या जोडाला. हे काल माहीत असते तर दोन वेढे वाया गेले नसते.

दुपारी दाबमापकाचा काटा २.६ वर तासभर स्थिर. संध्याकाळी चाचणीचे बटण: अठ्ठ्याण्णव मिलीलीटर. पहिले तीन ट्रे फेकून द्यायचे आहेत, कारण त्यांत नव्या नळीचा आणि फिल्टरचा वास असतो, झाडांना घातले.

सोमवार, ५ मे

रात्रभर वाटी ठेवली होती. कोरडी.

शुक्रवार, ९ मे

गेल्या चोवीस तासांत पेटीत जमलेला बर्फ स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला: एक किलो साठ ग्रॅम. खडे भरीव, सपाट पाठीचे. फ्रीजरचे तापमान उणे अठरा. नळीचे तोंड टॉर्चने पाहिले, स्वच्छ आहे. दर दोन दिवसांनी पाहत राहीन, कारण मागच्या वेळी बूच जमायला चार दिवस लागले होते आणि आज पाचवा दिवस आहे.

पंपाचा आवाज मात्र त्रासदायक आहे. रात्री दोनदा तरी तो ओट्याच्या फळीवर घुरघुरतो आणि भांडी किणकिणतात. भाच्याने ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणून पंपाखाली दुमडून ठेवला. आवाज निम्म्यावर आला. फळीऐवजी पंप भिंतीला लावावा असे प्लंबरचे म्हणणे आहे, पण भिंत पलीकडे यांच्या झोपण्याच्या खोलीची आहे, त्यामुळे ते नामंजूर.

मिस्त्रींना फोन करून आइस मेकर बदलायचा नाही असे कळवले आणि काय निघाले तेही सांगितले. त्यांनी दाबाचा आकडा पुन्हा विचारून घेतला. खानापूर रस्त्यावरच्या एका नव्या बंगल्यात असाच फ्रीज बसवून दिला आहे आणि तिथेही खडे खोलगट येतात, असे ते म्हणाले.

रविवार, १८ मे

दोन आठवडे पूर्ण. नळी गोठलेली नाही. मधे दोनदा चार-पाच तास वीज गेली. वीज आल्यावर आइस मेकर आपोआप सुरू झाला, पण पेटीतले खडे अर्धवट वितळून एकमेकांना चिकटले होते आणि ते काढून टाकावे लागले, नाहीतर त्यांच्या ढेपेवर दांडी अडकून यंत्र थांबले असते.

उरलेली कामे दोन. आरओ यंत्र बंद पडले आणि साठवण टाकी रिकामी झाली तर पंप कोरडा चालत राहील. त्यासाठी टाकीत फ्लोट स्विच (पाणी खाली गेले की पंप बंद करणारे बटण) बसवायचा आहे, तोवर घराबाहेर जाताना पंपाचा प्लग काढायचा. दुसरे म्हणजे फिल्टर बदलण्याची तारीख, ३ नोव्हेंबर, फ्रीजच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवली आहे.